देणगीदारांचं सॉफ्टवेअर वर्षभर वापरलं, पाचपैकी साडेतीन स्टार

आधीच सांगते, कंपनीचं नाव लिहिणार नाही. खाली त्यांच्याबद्दल दोन-चार कडू गोष्टी येणार आहेत आणि मला भांडण नकोय. शिवाय देणगीदारांच्या नोंदी आणि पावत्या सांभाळणारी असली सॉफ्टवेअरं आता ढिगानं मिळतात, आतून सगळी साधारण सारखीच, वरचा रंग तेवढा वेगळा. तेव्हा कंपनी कुठली हे सोडा, आपल्यासारख्या छोट्या ट्रस्टनं यावर पैसे घालावेत का एवढंच बघा.

आमचं काम सोलापूरच्या पूर्व भागात. विडी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या मुलींसाठी तीन अभ्यासिका, एक छोटी लायब्ररी आणि दहावी-बारावीच्या मुलींची फी. वर्षाचा खर्च १९ लाखांच्या आसपास, पगारी माणसं चार, त्यातली मी अर्धवेळ, म्हणजे काम पूर्णवेळ आणि पगार अर्धा. पावत्या, अकाउंट्स, देणगीदारांचे फोन, ऑडिटरच्या शिव्या, सगळं माझ्याकडं.

सॉफ्टवेअर घ्यायची वेळ का आली ते सांगते. आमच्याकडं देणगीदारांची यादी तीन जागी होती. पावती पुस्तकांत, म्हणजे २००९ पासूनची पुस्तकं, दोन कपाटं भरून. मग वेगवेगळ्या काळात काम करून गेलेल्या तीन जणांनी आपापल्या पद्धतीनं केलेल्या एक्सेल फायली. आणि तिसरी जागा म्हणजे तात्या. तात्या रिटायर्ड विमा एजंट, संस्थेचे जुने कार्यकर्ते, स्कूटरवरून फिरणारे. कुणाच्या घरी कधी जायचं, कुणाकडं चहा होईपर्यंत पैशाचा विषय काढायचा नाही, कुणाची सून आता व्यवहार बघते, हे सगळं त्यांच्या डोक्यात. २०२४ च्या फेब्रुवारीत त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि नेमका मार्च हातातून गेला. ज्यांना अशा संस्थेचा अनुभव आहे त्यांना मार्च म्हणजे काय ते सांगायला नको, वर्षाची निम्मी देणगी त्या एका महिन्यात येते. मी लोकांना फोन केले तर समोरून एकच, "तात्या नाही आले यंदा? बरं आहेत ना? येऊ दे मग त्यांना." झालं. एप्रिलच्या मीटिंगमध्ये अध्यक्ष सर म्हणले की अख्खी संस्था एका माणसाच्या गुडघ्यावर उभी आहे, हे बरोबर नाही. तात्या तिथंच काठी घेऊन बसले होते, तेच सगळ्यात जोरात हसले.

फुकटचे पर्याय बघितले नाहीत असं नाही. सिव्हीसीआरएम हे खास संस्थांसाठीच बनवलेलं ओपन सोर्स आहे, लायसन्सला एक रुपया नाही, पण सर्व्हरवर टाकायला आणि पुढं सांभाळायला जाणकार माणूस लागतो. सेल्सफोर्सवाले नोंदणीकृत संस्थांना दहा लायसन्स मोफत देतात, तेही खरं, पण ते आपल्या कामाला बसवून घ्यायचं म्हणजे परत माणूस आलाच, आणि तो माणूस फुकट मिळत नाही. शेवटी ऑडिटरच्या ओळखीतून एका देशी कंपनीचा डेमो घेतला. दर १८ हजार वर्षाला, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २१,२४०. ट्रस्टला त्या जीएसटीचं क्रेडिट वगैरे काही मिळत नाही, गेले ते गेले. सेटअपचे सहा हजार वेगळे सांगितले होते, ते मी लक्ष्मी मार्केटात भाजी घेते तसं घासाघीस करून तीनवर आणले. कमिटीत एक मावशी म्हणल्या एवढ्यात किती मुलींची फी भरली असती. बरोबरच होतं त्यांचं, माझ्याकडं त्या दिवशी उत्तर नव्हतं.

आता खरी मेहनत. डेमोत त्यांनी सांगितलं, "मॅडम, एक्सेल अपलोड करा, दहा मिनिटांत चालू." दहा मिनिटं नाही, अडीच महिने लागले. पहिली एक्सेल श्रीलिपी या जुन्या मराठी फॉन्टात टाईप केलेली, अपलोड केली की नावांच्या जागी नुसती चिन्हं, कंसात टिंब आणि डॉलर. ज्यांच्याकडं जुन्या फॉन्टातल्या याद्या आहेत त्यांनी आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि मगच कुठल्याही कंपनीशी बोला, हे मी हात जोडून सांगते. दुसरी फाईल इंग्रजीत आणि तिसरीत निम्मं हे निम्मं ते. त्यात आपलं सोलापूर. तेलुगू आडनावं मराठी कारकुनानं ऐकून लिहिलेली, कन्नड आडनावं तेलुगू मुलानं इंग्रजीत टाईप केलेली, एकच माणूस पाच पावत्यांवर पाच स्पेलिंगनी. सॉफ्टवेअरमध्ये डुप्लिकेट शोधायचं बटण आहे, ते बरंचसं काम करतं, पण त्याच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. त्यानं एक बिराजदार आणि एक बिरादार एकत्र करून टाकले, दोघांचं पहिलं नाव मल्लिनाथ. ८६ टक्के जुळतात म्हणे. अहो, सोलापुरात मल्लिनाथ किती आणि बिराजदार किती, या हिशोबानं अख्खा अक्कलकोट तालुका ८६ टक्के जुळेल. नंतर मी नियमच केला की फोन नंबर किंवा पॅन जुळल्याशिवाय दोन नावं एक करायची नाहीत. आमच्याच अभ्यासिकेत शिकून गेलेल्या दोन मुलींनी हे टायपिंगचं काम घेतलं, नोंदीमागं पैसे दिले. २,९४० नोंदींच्या शेवटी १,८७० माणसं उरली. एवढीच आमची खरी दुनिया होती आणि आम्ही वार्षिक अहवालात "तीन हजार हितचिंतक" छापत होतो.

एका गोष्टीला पैकीच्या पैकी मार्क देते आणि ती म्हणजे १०बीडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, ८०जी असलेल्या, म्हणजे जिला देणगी दिली की देणगीदाराला आयकरात सूट मिळते अशा संस्थेला २०२१-२२ पासून दरवर्षी ३१ मेच्या आत आयकर खात्याकडं देणगीदारांचा तक्ता भरावा लागतो. नाव, पत्ता, पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक, रक्कम, रोख की बँकेतून, कॉर्पसला म्हणजे कायम निधीला की साधी. मग त्यातून प्रत्येकाचं १०बीई सर्टिफिकेट निघतं, ते हातात नसेल तर देणगीदाराला सूट मिळायची अडचण. उशीर झाला तर दिवसाला २०० रुपये लेट फी. आधीच्या दोन वर्षांत मे महिन्याचा शेवटचा आठवडा मी रडत काढलाय, नवऱ्याला विचारा. यावर्षी पावती करतानाच पॅन नसेल तर लाल खूण, दोन हजारांवर रोख असेल तर "८०जी लागू नाही" असं पावतीवरच आपोआप छापून येतं, आणि मेमध्ये तक्ता तयार. २२ तारखेला भरून मी मोकळी, २३ ला आमरस. नुसतं एवढंच काम असेल तरी पैसे वसूल, बाकीचं वाचलं नाही तरी चालेल.

एक गंमत म्हणजे नवीन करप्रणाली घेतलेल्यांना ८०जी ची सूट मिळतच नाही, त्यामुळं नोकरदार लोक आता म्हणतात, "मॅडम, मला ते सर्टिफिकेट नको, पॅन कशाला मागताय." त्यांना समजवत बसायचं की तुम्हाला नको असलं तरी आम्हाला तक्त्यात ओळख क्रमांक लागतो. याला कुठलंही सॉफ्टवेअर काही करू शकत नाही.

बरं, आता ज्याच्यासाठी ही सॉफ्टवेअरं विकली जातात ते. मोठी देणगी कोण देऊ शकेल हे डेटावरून सांगणं.

पद्धत तशी साधी आहे आणि जगभर हीच वापरतात. प्रत्येक माणसाला तीन गोष्टींचे मार्क. शेवटचं कधी दिलं, किती वेळा दिलं, किती दिलं. प्रत्येकी एक ते पाच. ज्याचे ५५५ तो आपला सोन्याचा माणूस, १११ म्हणजे नाव विसरा. विचार बरोबर आहे. ज्यानं दहा वर्षं न चुकता ५०१ दिले त्याच्या मनात संस्थेला जागा आहे, एकदाच ११ हजार देऊन गायब झालेल्यापेक्षा त्याच्याकडं आधी जावं, हे तात्याही सांगतील. फक्त तात्या १,८७० जणांचं सांगू शकत नाहीत. मी पहिल्यांदा ती यादी काढली तेव्हा पहिल्या पन्नासात अशी सव्वीस-सत्तावीस नावं होती ज्यांना आम्ही गेल्या तीन वर्षांत साधा फोन केलेला नव्हता. पावती पाठवली, संपला विषय. त्या दिवशी मला खरंच लाज वाटली.

पण मार्क देताना सॉफ्टवेअर दिवस मोजतं, आणि आपले लोक दिवस मोजून देत नाहीत. एखाद्या घरातून दरवर्षी श्रावणात पैसे येतात. आषाढात बघितलं तर अकरा महिने झालेले असतात, लगेच त्याचे मार्क कोसळतात, "देणगीदार थंड होत आहे" असा पिवळा इशारा येतो. थंड कशाला होईल, श्रावण यायचाय अजून! सेटिंगमध्ये जाऊन मी तो काळ अठरा महिन्यांचा केला तेव्हा कुठं यादी माणसात आली. हे सेटिंग आहे हेच मला चार महिन्यांनी कळलं, सपोर्टवाल्या मुलालाही माहीत नव्हतं. तसंच फोन करायच्या तारखा ते स्वतः ठरवतं, जानेवारीत त्यानं माझ्यासाठी ४० फोन लावून ठेवले नेमके संक्रांतीच्या आसपास, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत. नंदीध्वजाची मिरवणूक चाललेली असताना सोलापुरातल्या माणसाला देणगीसाठी फोन करायचा म्हणजे शिव्याच खायच्या.

किती मागावं हेही ते सुचवतं. त्याचा हिशोब सरासरीवर चालतो आणि आमच्याकडं एका कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे त्यांच्या समाजकार्याच्या निधीतला, आठ लाखांचा चेक त्याच यादीत होता, त्यामुळं सगळ्या सरासऱ्या फुगलेल्या. ११०० देणाऱ्या बाईंकडं २१ हजार मागा म्हणालं. कंपन्यांची वेगळी यादी केल्यावर आकडे खाली आले, पण तरी कसे, तर ७,३५०. मला सांगा, ७,३५० रुपये देणगी देणारा मराठी माणूस तुम्ही बघितलाय? आपण ५०१ देतो, ११०० देतो, २१०० देतो, ५००१ देतो, मनात आलं तर एकदम ११ हजार. ७,३५० मागितलं तर समोरचा विचारेल कसलं बिल आहे. आता मी त्याचा आकडा बघते आणि जवळचा शकुनाचा आकडा धरते.

आणि पिनकोड! कोण किती देऊ शकतो याचा एक वेगळा मार्क आहे, तो राहत्या भागावरून आणि व्यवसायावरून लागतो. जुळे सोलापूर, होटगी रोड, चांगले मार्क. भवानी पेठ, अशोक चौक, साखर पेठ, कमी मार्क. ज्यानं कुणी हे बनवलं तो पूर्व भागात कधी आलेला नाही. इथं खाली माग, वर घर, जिन्यात सुताच्या गोण्या, आणि मालक बनियनवर बसून टॉवेल परदेशी पाठवतोय. उलट तिकडच्या टू बीएचकेवाल्याचा अर्धा पगार हप्त्यात जातो. तो मार्क मी सरळ बंद करून टाकला, बंद करता येतो एवढं बरं आहे.

यात आमच्या चुकाही होत्या, सगळं कंपनीवर ढकलत नाही. प्रत्येकाच्या पानावर "नोंद" म्हणून रकाना असतो. तात्यांना समोर बसवून मी त्यांच्या डोक्यातलं एकेक उतरवून घेतलं, आणि जसं बोलले तसंच टाईप केलं. "बोलतो फार, देतो कमी." "बायकोशी बोला, ह्यांच्या हातात काही नाही." दिवाळीची पत्रं छापताना मी चुकून तोच रकाना पत्त्याच्या लेबलवर घेतला. पाकिटं चिकटवणाऱ्या मुलीनं वेळेत बघितलं आणि ती खुर्चीवरून पडायची बाकी राहिली. देवाची कृपा.

पण दुसरी चूक त्यांची होती आणि ती मी विसरणार नाही. वर्षभर देणगी न आलेल्यांना "तुमची आठवण येते, परत या" असा मेसेज आपोआप जातो, आणि ही सोय सुरुवातीलाच चालू करून दिलेली असते. आम्हाला कुणी सांगितलं नाही. तो मेसेज एका वारलेल्या गृहस्थांच्या नंबरवर गेला, नंबर आता त्यांच्या पत्नीकडं. बाईंनी मला फोन केला, रागावल्या नाहीत, फक्त म्हणल्या, "मला पण येते हो त्यांची आठवण." मी काय बोलणार. कंपनीला कळवलं तर उत्तर आलं की माणूस मयत असल्याचा चौकोन टिक केला असता तर मेसेज गेला नसता. टिक करायला आधी कळायला तर पाहिजे ना! एक पूर्ण स्टार मी इथं कापलाय.

त्या फोनमुळं मात्र एक धागा हाताला लागला. ते गृहस्थ वारले म्हणून सॉफ्टवेअरच्या हिशोबानं तो देणगीदार संपला होता. पण त्याच वर्षी त्यांच्या मुलानं "वडिलांच्या स्मरणार्थ" म्हणून ५००१ दिले होते, त्याच्या स्वतःच्या खात्यातून, स्वतःच्या पॅनवर. पावती ज्याच्या खात्यातून पैसे आले त्याच्याच नावानं करावी लागते, त्यामुळं मुलगा "नवीन देणगीदार" म्हणून वेगळा नोंदला गेला. म्हणजे सॉफ्टवेअरला दिसलं काय, एक जुना गेला आणि एक अनोळखी आला. खरं काय, घर तेच, श्रद्धा तीच, फक्त सही बदलली.

मग मी पावती पुस्तकं परत काढली. आपल्याकडच्या पावतीवर सगळ्यात मोलाची ओळ रकमेची नसतेच, खाली कोपऱ्यात लिहिलेलं "कै. अमुक यांच्या स्मरणार्थ" ही असते, आणि नेमका तोच रकाना सॉफ्टवेअरमध्ये नाही. वाढदिवस आहे, लग्नाचा वाढदिवस आहे, पुण्यतिथी नाही. स्वतःचे रकाने बनवायची सोय आहे, तिथं मी "स्मरणार्थ" आणि "तिथी" असे दोन केले. तिथी त्याला कळत नाही, त्याला इंग्रजी तारीख पाहिजे. म्हणून गुढीपाडव्याच्या आधी मी आणि तात्या आपल्या सोलापूरचंच दाते पंचांग घेऊन बसतो, आणि दीडशे-पावणेदोनशे घरांच्या तिथ्यांच्या यंदाच्या तारखा हातानं भरतो. एक रविवार जातो. पण तिथीच्या आठ दिवस आधी गेलेला साधा फोन, पैसे न मागता, "काकांची तिथी जवळ आली, अभ्यासिकेतल्या मुलींना त्या दिवशी खाऊ द्यायचा का", याला जेवढा होकार मिळतो तेवढा दुसऱ्या कशालाच मिळत नाही. आदल्या वर्षी देणाऱ्या शंभरातले ३८ जण परत द्यायचे, यावर्षी ५१ झाले, आणि त्यातला बराचसा भाग या तिथ्यांचा आहे असं मी रकाने बघून सांगू शकते.

आणि मग घरं जोडायला लागले. "कुटुंब" म्हणून एक सोय त्यात आहे, वेगवेगळ्या नोंदी एका घराखाली आणता येतात. ते करताना एक टॉवेल कारखानदारांचं घर सापडलं. सात नोंदी. आजोबांच्या नावानं, फर्मच्या नावानं, सुनेच्या नावानं, धाकट्या मुलाच्या नावानं हैदराबादहून ऑनलाईन, दोन स्पेलिंगच्या चुका, असं करत २०११ पासून एक लाख ६४ हजार. यातली एकही नोंद पहिल्या शंभरात नव्हती. जोडल्यावर ते घर यादीत चौथं आलं. सगळ्या पावत्यांवर एकाच आजींचं स्मरणार्थ.

मला एवढा आनंद झाला की मी त्या सगळ्याचा एका पानाचा छान तक्ता छापला आणि तात्यांना घेऊन गेले. मोठे भाऊ, ज्यांना सगळे मालक म्हणतात, घरीच होते. चहा झाला, शेंगा चटणी आणि कडक भाकरीचा आग्रह झाला, मग मी तो कागद पुढं केला. त्यांनी चष्मा लावला, वाचला, बराच वेळ वाचला आणि विचारलं, "हे हैदराबादचं कधीपासून?" मी उत्साहात म्हणलं, "२०१७ पासून मालक, दरवर्षी ११ हजार." तात्यांनी माझ्याकडं बघितलं. मला काही कळेना. खाली आल्यावर स्कूटरजवळ तात्या म्हणले, दोघा भावांचं वाटणीवरून बोलणं बंद आहे, सहा-सात वर्षं झाली. हे त्यांच्या डोक्यात होतं, पण मी विचारलं नव्हतं आणि सॉफ्टवेअरमध्ये त्याचा रकाना नव्हता.

तीन आठवड्यांनी मालकांचा स्वतःहून फोन आला. तिसऱ्या अभ्यासिकेचं दोन वर्षांचं भाडं आणि टेबल-खुर्च्या, अडीच लाख, दोन हप्त्यांत, दोन्ही चेक आले, वटले. आमच्या संस्थेला एका घरातून मिळालेली ही सगळ्यात मोठी देणगी. पण धाकट्यांचाही फोन आला होता, त्याच्या आधी. शांतपणे विचारलं, "माझं नाव कुणी सांगितलं?" मी माफी मागितली. यंदा आजींच्या तिथीला त्यांचे ११ हजार आलेले नाहीत. मी फोनही केलेला नाही, कुठल्या तोंडानं करू.

कमिटीत सगळ्यांनी अडीच लाखांच्या टाळ्या वाजवल्या, आणि कंपनीवाले आता माझ्याकडं "यशोगाथा" मागतायत त्यांच्या जाहिरातीसाठी. मी नाही म्हणलं. लोकांची खाजगी माहिती जपण्यासाठी २०२३ चा नवा कायदा आलाय, संमती घेऊन माहिती ठेवा, ज्या कामासाठी घेतली त्यालाच वापरा, असं सगळं. तो वाचताना मला पॅन आणि फोन नंबरच डोळ्यांपुढं यायचे. भावाची माहिती भावाला सांगणं हेही त्यातच येतं हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता कुटुंबाच्या पानावर मी स्वतः एक रकाना बनवलाय, "घरातल्यांना सांगू नये", आणि तो सगळ्यांसाठी आधीपासूनच टिक केलेला असतो, कुणी स्पष्ट सांगितलं तरच काढायचा.

५५५ वाल्यांचं काय झालं हेही सांगते, नाहीतर म्हणाल चांगलं तेवढंच लिहिलं. पहिल्या पंधरा जणांकडं गेलो. चौघांनी नेहमीपेक्षा वाढवून दिलं, सात-आठ जणांनी नेहमीचंच दिलं, एकांनी एमआयडीसीतल्या ऑफिसात पाऊण तास बाहेर बसवून ठेवलं आणि पीएमार्फत ५०१ पाठवले. तात्या म्हणले, "ह्याला मी आठ वर्षांपूर्वीच सोडलाय."

सपोर्ट ठीकठाक. फोन उचलतात, मराठी बोलतात, पण सगळा भर "तिकीट टाका मॅडम" यावर, म्हणजे तक्रार ऑनलाईन नोंदवा. मोबाईल ॲप हळू आहे, मराठी नाव शोधताना रफार असलेली नावं कधी सापडतात कधी नाही. पावतीचा मराठी नमुना मात्र छान दिसतो. घेण्याआधी एक गोष्ट नक्की विचारा, सोडायचं ठरवलं तर आपला सगळा डेटा एक्सेलमध्ये बाहेर काढून मिळतो का, स्वतः बनवलेल्या रकान्यांसकट. आमच्याकडं आधी फक्त त्यांचे रकाने मिळत होते, स्मरणार्थ आणि तिथी गायब. भांडून सुरू करून घेतलं. दोनशे-तीनशे देणगीदार असतील तर हे घेऊच नका, एक स्वच्छ एक्सेल आणि एक पंचांग पुरेल. हजाराच्या वर असतील आणि १०बीडीनं जीव नकोसा केला असेल तर घ्या, पण तो "मोठे देणगीदार शोधून देतो"वाला महागडा प्लॅन घेऊ नका, मी यंदा तो सोडून साध्यावर आले, १२ हजारांत.

रिन्युअल ३१ मार्चला येतं, जगात दुसरी तारीख मिळाली नाही त्यांना, म्हणून फेब्रुवारीतच भरून टाकलं. पुढच्या रविवारी तात्या पंचांग घेऊन येणार आहेत. त्यांच्या दुसऱ्या गुडघ्याची तारीख मेमध्ये आहे, त्याआधी हैदराबादला एक पत्र लिहायचंय, हातानं, ते म्हणतायत मजकूर मी सांगतो.